पर्सनल बजेट आलं कुठून? इंग्लंडमधल्या घरच्या देखभालीच्या पैशांची पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईत आजारी माणसासाठी ब्युरोतून बारा तासांची बाई ठेवायची, तर पगार ठरवायचा, ब्युरोचं कमिशन द्यायचं आणि सगळा खर्च घरच्यांनी उचलायचा. इंग्लंडमधल्या लेस्टर किंवा वेंब्लीतल्या मराठी घरात आजींना तशीच मदत लागली, तर त्यांची गरज तपासणं काउन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला, भाग असतं. त्या पात्र ठरल्या की गरज भागवायला किती पैसे लागतील, त्यातले काउन्सिल किती देणार आणि आजींनी किती भरायचे, हे लेखी मिळतं. हा आकडा म्हणजे पर्सनल बजेट. त्यातला काउन्सिलचा वाटा आपल्या हातात घेतला, तर ते डायरेक्ट पेमेंट. या दोन शब्दांची गल्लत कायम होते. काउन्सिल ज्याची गरज भागवणार त्या प्रत्येकाचं बजेट ठरतं. पैसे आपण घ्यायचे, काउन्सिललाच व्यवस्था पाहायला सांगायची की एखाद्या सेवासंस्थेकडे आपल्या नावाने ठेवायचे, हे त्यानंतर ठरवायचं.

ही सोय अपंग माणसांनी भांडून मिळवली आहे. आजच्या फॉर्ममधले त्रासदायक रकाने कुठून आले, ते त्या भांडणाचा इतिहास पाहिला की कळतं.

१९४८च्या नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्टने इंग्लंडमधला जुना पुअर लॉ, म्हणजे गरिबांना धर्मादाय मदतीचा कायदा, संपवला. गरिबांना रोख मदत देणं केंद्राच्या मंडळाकडे गेलं आणि काउन्सिलकडे निवासगृहं आणि सेवा राहिल्या. याच कायद्याच्या कलम २९ मध्ये काउन्सिलने अपंग माणसाला रोख पैसे देण्याला मनाई होती. जुन्या धर्मादाय पद्धतीकडे परत जायचं नाही, या भावनेशी ते सुसंगत होतं. पण त्यामुळे पुढची जवळजवळ पन्नास वर्षं काउन्सिल ज्या वेळेला बाई पाठवेल, तीच तुमची वेळ. झोपवायला येणारी संध्याकाळी सातला येणार असेल, तर सातला अंथरुणात.

हॅम्पशायरमधलं ले कोर्ट हे लेनर्ड चेशायर यांनी अपंगांसाठी सुरू केलेलं पहिलं निवासगृह. तिथे राहिलेल्या पॉल हंट यांनी १९७२ मध्ये ‘गार्डियन’ या वृत्तपत्राला पत्र लिहून संस्थांमध्ये अडकलेल्या अपंगांना एकत्र येण्याचं आवाहन केलं. १९७९ मध्ये तिथल्याच काही रहिवाशांनी, त्यांत जॉन इव्हान्स होते, ‘प्रोजेक्ट ८१’ सुरू केला. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होतं, त्यावरून हे नाव. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्हाला या इमारतीत ठेवायला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात आम्ही आपल्या घरात राहून मदतनीस ठेवू. कायदा रोख देऊ देत नव्हता, म्हणून काउन्सिल पैसे संस्थेला देई आणि संस्था ते त्या माणसापर्यंत पोचवी. मधला हा तिसरा हात म्हणजे कायद्याला घातलेला वळसा होता. आज एखादी संस्था खातं सांभाळते, ‘मॅनेज्ड अकाउंट’ म्हणतात त्याला. त्या व्यवस्थेत या वळशाची छाया दिसते.

१९८८ मध्ये सरकारने अपंगांना मदतनीस ठेवायला पैसे देणारा इंडिपेन्डन्ट लिव्हिंग फंड काढला. सामाजिक सुरक्षेच्या नियमांत बदल करताना घरकामाच्या मदतीसाठीचे भत्ते रद्द झाले होते, त्यावरची ही तात्पुरती मलमपट्टी. अपेक्षा काहीशे लोकांची होती. १९९३ पर्यंत तो वीस हजारांहून जास्त जणांपर्यंत गेला आणि सरकारने दरवाजा अरुंद केला. नवे अर्ज २०१० मध्ये थांबले आणि ३० जून २०१५ रोजी फंड बंद झाला. इंग्लंडमधल्या लाभार्थ्यांची जबाबदारी काउन्सिलांवर गेली, स्कॉटलंडने मात्र स्वतःचा फंड ठेवला.

फंडाने एक गोष्ट मात्र कायमची सिद्ध केली. लोकांना पैसे दिले तर ते मदतनीस शोधतात, ठेवतात, हिशेब देतात. त्यात १९९४ मध्ये अपंगांच्या संघटनांच्या परिषदेने, बीसीओडीपीने, एक अभ्यास प्रसिद्ध केला. रोख पद्धत काउन्सिलच्या सेवेपेक्षा सरासरी ३० ते ४० टक्के स्वस्त पडते, असं त्यात निघालं. आमच्या मते सगळ्या इतिहासातलं हेच महत्त्वाचं वळण. स्वातंत्र्याचा मुद्दा वर्षानुवर्षं मांडूनही मंत्री ढळले नव्हते, खर्च वाचतो म्हटल्यावर ढळले. १९९६ मध्ये कम्युनिटी केअर (डायरेक्ट पेमेंट्स) अ‍ॅक्ट झाला आणि १ एप्रिल १९९७ पासून लागू झाला. पण ज्या ‘स्वस्त’ शब्दाने दार उघडलं, तो शब्द काउन्सिल देते त्या तासाच्या दरात राहून गेला, आणि आजची बहुतेक रडगाणी तिथून सुरू होतात.

पहिला कायदा फक्त ६५ वर्षांखालच्या प्रौढांसाठी होता आणि काउन्सिलला वाटलं तरच पैसे. वृद्धांना तो २००० मध्ये खुला झाला. २००३ पासून, पात्र माणसाने मागितलं तर देणं काउन्सिलांवर बंधनकारक झालं. नोव्हेंबर २००९ पासून डिमेन्शियामुळे स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या माणसासाठीही योग्य व्यक्ती पैसे स्वीकारू लागली. म्हाताऱ्या आई-वडिलांचं पाहणाऱ्या घरांना याचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

‘बजेट’ हा शब्द आला २००३ मध्ये. सायमन डफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘इन कंट्रोल’ या उपक्रमाने सहा काउन्सिलांत प्रयोग सुरू केला: आकडा आधी सांगा, आखणी नंतर होऊ द्या. २००५ ते २००७ मध्ये सरकारने १३ काउन्सिलांत चाचणी घेतली. २००८ चा त्याचा अहवाल प्रामाणिक होता. तरुण अपंग आणि मानसिक आजार असलेल्यांना फायदा दिसला, पण वृद्धांची मनःस्थिती उलट थोडी खालावलेली आढळली. नोकर ठेवणं, हिशेब ठेवणं याचं त्यांना ओझं वाटत होतं. या इशाऱ्याकडे धोरणकर्त्यांनी पुरेसं लक्ष दिलं नाही.

आज लागू आहे तो केअर अ‍ॅक्ट २०१४, म्हणजे १ एप्रिल २०१५ पासूनची व्यवस्था. पर्सनल बजेट कलम २६ मध्ये, डायरेक्ट पेमेंट कलम ३१ ते ३३ मध्ये. पात्रतेसाठी ठरवलेल्या दहा बाबींपैकी (खाणंपिणं, स्वच्छता, संडास-बाथरूम, कपडे, घरात सुरक्षित वावर इत्यादी) किमान दोन जमेनाशा व्हाव्या लागतात आणि त्याचा जगण्यावर ठळक परिणाम दिसावा लागतो. घरी देखभाल घेताना राहत्या घराची किंमत मालमत्तेत धरत नाहीत. बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल, तर खर्च स्वतःचा. १४,२५० ते २३,२५० च्या दरम्यान प्रत्येक २५० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरतात. या मर्यादा २०१० पासून तशाच आहेत, महागाई मात्र थांबलेली नाही.

आता नोकर ठेवण्याची बाजू. थेट मदतनीस ठेवली की कायद्याच्या दृष्टीने आजी किंवा त्यांच्या वतीने पैसे घेणारा मुलगा हा ‘एम्प्लॉयर’ होतो. पहिल्या दिवशी लेखी अटी द्याव्या लागतात, कर खात्याकडे नोंद, पगारपत्रक आणि किमान ५० लाख पौंडांचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा (कामात नोकराला इजा झाली तर भरपाईसाठी) लागतो. ब्युरोच्या बाईला आपण तोंडी सांगतो, तसं इथे चालत नाही. प्रोजेक्ट ८१च्या लोकांना मालकाचाच हक्क हवा होता, आणि त्याबरोबर मालकाची कर्तव्यं आलीच.

हिशेब मांडून पाहू. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ साठी २१ वर्षं किंवा त्यावरच्या कामगाराचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. आठवड्याला २० तास म्हणजे वर्षाला १,०४० तास आणि पगार सुमारे १२,६९८ पौंड. पण बाईला ५.६ आठवडे पगारी रजा, म्हणजे ११२ तास. त्या काळात आजींना उपाशी ठेवता येत नाही, बदली बाई लागते: आणखी १,३६८ पौंड. पेन्शनमध्ये मालकाचा किमान हिस्सा साधारण १९४ पौंड. बेरीज १४,२६०, म्हणजे तासाला १३.७१. यात विमा, पेरोलची (पगाराचा हिशेब करून घेण्याची) फी, बाईचं आजारपण आणि बदलीबाईची स्वतःची रजा धरलेली नाही. काउन्सिलने तासाला १३ पौंड दिले, तर पहिल्या दिवसापासून वर्षाला ७४० पौंडांची तूट ठरलेली. पगारावर मालकाने सरकारला भरायच्या नॅशनल इन्शुरन्सचे वर्षाचे सुमारे १,१५५ पौंड एम्प्लॉयमेंट अलाउन्स या सवलतीत माफ होतात, पण ती सवलत मागावी लागते. पेरोलवाल्याने ती टिक केली नाही, तर पैसे जातात.

म्हणून केअर प्लॅनवर सही करण्यापूर्वी काउन्सिलकडून दराची फोड लेखी मागावी: मूळ वेतन, रजा, पेन्शन, विमा, पेरोल, आकस्मिक खर्च. कायद्याने बजेट गरज भागवायला पुरेसं असलं पाहिजे. दर कमी पडतो हे आकड्यांनी दाखवलं, तर ते फेरतपासणीचं ठोस कारण ठरतं. पहिली तपासणी पैसे सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आणि मग किमान दरवर्षी व्हायला हवी.

मराठी घरांतून सर्वांत जास्त येणारा प्रश्न: सुनेला पैसे देता येतील का? सून त्याच घरात राहत असेल, तर सहसा नाही. नवरा-बायको किंवा जोडीदार, आणि एकाच घरात राहणारे जवळचे नातेवाईक यांना काउन्सिलने ‘आवश्यक’ मानल्याशिवाय पगार देता येत नाही. वेगळ्या घरात राहणारी मुलगी किंवा भाची चालते. घरातली सून आठवड्याला ३५ तास पाहत असेल, तर तिने केअरर्स अलाउन्स हा देखभाल करणाऱ्यांसाठीचा सरकारी भत्ता तपासावा, २०२५-२६ मध्ये तो आठवड्याला ८३.३० पौंड होता. आणि गावाकडून बाई बोलावण्याचा विचार असेल, तर तो सोडावा: केअर वर्करचा व्हिसाचा मार्ग परदेशातून येणाऱ्या नव्या अर्जदारांसाठी २२ जुलै २०२५ पासून बंद आहे. जे नक्की जमतं ते म्हणजे इंग्लंडमध्ये काम करण्याचा हक्क असलेली, मराठी बोलणारी, वरणभात करणारी, देवपूजेची वेळ सांभाळणारी बाई निवडणं. एजन्सीच्या पंधरा मिनिटांच्या फेरीत ते साधत नाही.

सर्वांत जास्त भांडणं उरलेल्या पैशांवरून होतात. खात्यात रक्कम साठली की काउन्सिल ती ‘न वापरलेली’ समजून परत मागते. त्यातले काही पैसे न घेतलेल्या रजेचे असतात, काही कराच्या हप्त्याचे. त्याहून अडचणीचं म्हणजे आजी गेल्या की नोकरी संपते. मदतनीस दोन वर्षं किंवा जास्त काम करत असेल, तर तिला रिडन्डन्सी, म्हणजे काम संपल्याची कायदेशीर भरपाई, मिळायला हवी, शिवाय नोटिशीचा पगार आणि उरलेली रजा. तेव्हा डायरेक्ट पेमेंट थांबलेलं असतं आणि मागणी मुलाच्या दारात येते. म्हणून करार करतानाच काउन्सिलकडून लेखी घ्यावं की हे शेवटचे पैसे बजेटमधून मिळतील, आणि खात्यात त्यासाठी किती रक्कम ठेवायची परवानगी आहे. मदतनीस बाईच्या कामाचे आठवडे आणि तास एका वहीत लिहून ठेवावेत. रिडन्डन्सीची रक्कम तिच्या वयावर, कामाच्या वर्षांवर आणि आठवड्याच्या पगारावर ठरते, आणि तो हिशेब नंतर आठवणीवर जुळवता येत नाही.