पॉट बेअरिंग आणि स्फेरिकल बेअरिंग: कलण्याचं काम कोण करतं?

पुलाच्या पियरच्या, म्हणजे खांबाच्या डोक्यावर, गर्डरच्या (आडव्या तुळईच्या) खाली पोलादाची चपटी पेटी दिसते. हे बेअरिंग, पुलाचा भार खांबावर टेकवणारा भाग. ती पॉट बेअरिंग आहे की स्फेरिकल, हे रस्त्यावरून पाहून सांगणं अवघड. सरकती असतील तर दोन्हींत वर आरशासारखा चकचकीत स्टेनलेस स्टीलचा पत्रा आणि त्याखाली टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफईची चकती असते. त्यामुळे 'दोन्ही टेफ्लॉनचीच' असं सर्रास ऐकू येतं, आणि खरा फरक तिथेच निसटतो.

बेअरिंगला भार पेलून आणखी दोन कामं करायची असतात. पहिलं सरकण्याचं. 100 मीटरचा सलग डेक (पुलाचा वरचा, रस्त्याचा भाग) तापमानात 30 अंशांचा फरक पडला की सुमारे 36 मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. दुसरं कलण्याचं. वाहनांच्या भाराने गर्डर वाकतो, तेव्हा त्याचं टोक किंचित फिरतं. सरकण्याची सोय दोन्हींत एकच आहे. कलण्याची मात्र पूर्ण वेगळी.

पॉटमध्ये रबराची चकती जाड पोलादी भांड्यात कोंडलेली असते आणि वरून पिस्टन दाबतो. बाहेर फुगायला वाव नसल्यामुळे रबर दाबाखाली जवळजवळ द्रवासारखं वागतं: एका कडेला दबतं, दुसऱ्या कडेला वर येतं. वरच्या टेफ्लॉनचा या कलण्याशी काही संबंध नाही. जागेवर स्थिर असलेल्या पॉट बेअरिंगला तर तो सरकता थर लागतच नाही.

स्फेरिकलमध्ये रबर नसतं. टेफ्लॉनचं अस्तर लावलेल्या खोलगट वाटीत फुगीर, गुळगुळीत धातूचा तुकडा बसतो आणि गोलाकार पृष्ठभागावर घसरतो. म्हणजे इथे कलणं हेही सरकणंच.

यातून बरंच काही ठरतं. पॉटमध्ये कोन वाढेल तसा रबराचा विरोध वाढतो, कडक थंडीत आणखी. स्फेरिकलमध्ये विरोध ठरतो तो भार, घर्षण आणि वाटीची त्रिज्या यांवर. एकदा घसरायला लागलं की कोन वाढला तरी विरोध फारसा वाढत नाही. पॉटची नाजूक जागा म्हणजे पिस्टनभोवतीच्या पितळी रिंगा. प्रत्येक गाडीगणिक त्या थोड्याशा घासतात. झिजल्या की फटीतून रबर बाहेर यायला लागतं. आडव्या जोराच्या बाबतीत मात्र पॉट सोपं: पिस्टन भांड्याच्या भिंतीला टेकतो. स्फेरिकलमध्ये वरचा भाग वाटीच्या कडेवर चढू पाहतो, त्याला वेगळा अडसर द्यावा लागतो.

आता टेफ्लॉनबद्दल, कारण इथे अंदाज हमखास चुकतो. दाब वाढला की त्याचा घर्षण गुणांक कमी होतो. युरोपीय मानक ईएन 1337 नुसार ग्रीस भरलेल्या टेफ्लॉनसाठी 30 मेगापास्कल (दाबाचं एकक) दाबाला 0.03 धरतात, तर 5 मेगापास्कलला 0.08. 'सुरक्षित असावं' म्हणून चकती उगाच मोठी केली, तर दाब कमी होऊन घर्षण वाढतं आणि पियरवर येणारा आडवा जोर उलट वाढतो. टेफ्लॉन भाराखाली हळूहळू पसरतंही, म्हणून ते पोलादातल्या खाचेत अर्धवट बुडवून बसवतात आणि वर सिलिकॉन ग्रीससाठी छोटे खळगे ठेवतात. स्टीलचा पत्रा वर, तोंड खाली आणि आकाराने मोठा, म्हणजे त्यावर धूळ साचत नाही आणि डेक कितीही सरकला तरी टेफ्लॉन झाकलेलं राहतं.

आपल्याकडे पॉटसाठी आयआरसी 83 (इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक) चा भाग 3 आहे, स्फेरिकलसाठी भाग 4. नेहमीच्या उड्डाणपुलाला चांगल्या बनावटीचं पॉट पुरेसं आहे, असं माझं मत. पण रेल्वेचा पूल असेल, गर्डरचं टोक सतत हलणार असेल किंवा कोन मोठा असेल, तर जास्त पैसे मोजून स्फेरिकल घ्यावं. त्यात टेफ्लॉनऐवजी अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन वापरलं तर दाब बराच जास्त चालतो, बेअरिंग लहान होतं आणि अरुंद पियर-कॅपवर (खांबाच्या माथ्यावर) डेक उचलणारे जॅक लावायला जागा उरते.