मातीत किरणोत्सारी ट्रेसर: अर्ज नेमका कुठे अडतो

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांजवळच्या मातीत क्रोमियम किती खोल झिरपतो, हे क्रोमियम-५१ हा ट्रेसर, म्हणजे माग काढता येईल असा किरणोत्सारी पदार्थ, वापरून मोजता येते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे २८ दिवस, त्यामुळे माती कायमची दूषित राहत नाही. कल्पना चांगली, पण अर्ज परत आला की पोरं हिरमुसून येतात, म्हणून हे लिहितोय.

परवानगी अणुऊर्जा नियामक मंडळाची, अर्ज ई-लोरा पोर्टलवर. अर्ज संस्थेचा असतो, विद्यार्थ्याचा किंवा गाइडचा नाही. संस्थेचे कागद, प्रयोगशाळेचा नकाशा, मोजणीची यंत्रे, टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारा बिल्ला) हे सगळे जमते.

जमत नाही तो आरएसओ, म्हणजे किरणोत्सार सुरक्षा अधिकारी. रसायनशास्त्राचे सर कितीही अनुभवी असोत, तेवढ्याने ते आरएसओ होत नाहीत. ठरलेले प्रशिक्षण, मग संस्थेने नाव सुचवणे, मग मंडळाची मान्यता. त्यात आपल्याच कॉलेजात सहीसाठी फाइल तीन टेबलांवर पडून राहते आणि पोराचे सेमिस्टर जाते, हे बघवत नाही. म्हणून विषय ठरला की त्याच आठवड्यात आधी आरएसओ शोधा, बाकीचे नंतर.

दुसरी चूक तारखेची. मातीतल्या पाण्याची वाट शोधायला ब्रोमीन-८२ घेतात, त्याचे अर्धायुष्य सुमारे ३५ तास. सोमवारी मोजलेली मात्रा गुरुवारी त्याच वेळी चौथाईहूनही थोडी कमी उरते. अर्जात प्रयोगाच्या दिवशीचे बेकरेल (किरणोत्साराचे एकक) लिहिले, तर मंजुरीही तेवढ्याचीच मिळते आणि डबा कोल्हापुरात उघडेपर्यंत मोजण्याजोगे फार काही राहत नाही. प्रयोगाच्या दिवसापासून मागे मोजत या आणि मात्रा कोणत्या तारखेची ते स्पष्ट लिहा.

कचऱ्याचा रकाना तर बहुतेक जण एका ओळीत उरकतात. 'सौम्य करून सोडू' असे लिहू नका. क्रोमियम-५१ ची दहा अर्धायुष्ये म्हणजे सुमारे नऊ महिने, तेव्हा कुठे मात्रा हजारांशावर येते. तोवर माती, हातमोजे, टिश्यू कुलपात, तारखेच्या चिठ्ठीसह. ती खोली नकाशात दाखवा आणि प्रोजेक्ट संपल्यावर किल्ली कोणाकडे राहील तेही लिहा.

माझा आग्रह आहे, ट्रेसर शेतात ओतायचा प्रस्ताव पहिल्याच अर्जात नको. पीव्हीसी पाइप ठोकून न ढवळलेली माती उचला आणि प्रयोग प्रयोगशाळेत करा.

वाशीच्या ब्रिटकडे, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ पुरवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, मागणी नोंदवताना रासायनिक रूप तपासा. सहा संयुजेचा विषारी क्रोमियम शोधायचा असेल, तर सोडियम क्रोमेटच हवे. क्लोराइड मागवलेत तर तो तीन संयुजेचा क्रोमियम मातीच्या वरच्या थरातच चिकटून बसेल.