पश्मिना ओळखायचा कसा? खवल्याच्या जाडीची पार्श्वभूमी

थंडी पडली की जळगाव-धुळ्याच्या बाजारात ‘पश्मिना’ म्हणून शाली मांडल्या जातात आणि अंगठीतून शाल ओढून दाखवली जाते. ही परीक्षा धागा बारीक आणि वीण पातळ आहे एवढंच सांगते. लोकर शेळीची की मेंढीची, हे त्यातून कळत नाही. कापसाचा मायक्रोनेअर (तंतूच्या बारीकपणाचं माप) बघून भाव ठरवणाऱ्या खानदेशाला बारीकपणाचं महत्त्व वेगळं सांगायला नको, पण इथे तेवढ्यावर भागत नाही.

शेळीच्या कातडीत केसांची मुळं दोन प्रकारची. प्राथमिक मुळांतून भरड राठ केस येतात. त्यांच्या गाभ्यात बहुधा पोकळसर मज्जा असते. दुय्यम मुळांतून लव येते, तिच्यात मज्जा नसते. लडाखच्या चांगथांगी शेळीची ही लव म्हणजेच पश्मिना, साधारण १२ ते १५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्याकडच्या शेळ्यांवर विंचरून काढावी इतकी लव धरतच नाही, आणि ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्यांची लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची.

रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या केसांची चित्रं १६६५ मध्येच छापली होती. १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्समध्ये शास्त्रज्ञ अ‍ॅस्टबरी यांनी क्ष-किरणांनी दाखवलं की लोकर ताणली की तिच्यातल्या केराटिनची, म्हणजे केस ज्या प्रथिनाचे बनतात त्याची, रचना बदलते. त्यातून लोकरीचा लवचिकपणा उलगडला, भेसळीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. कारण शेळीची लव आणि मेंढीची लोकर, दोन्ही केराटिनच. फरक धाग्याच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खवल्यांत. मेरिनो या बारीक लोकरीच्या मेंढीचे खवले दाट, त्यांची कड जाड. पश्मिन्याचे लांब, विरळ आणि कडेला जेमतेम ०.३ ते ०.५ मायक्रॉन जाड. साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर ०.२ मायक्रॉनच्या आसपास संपते, म्हणजे ही कड खात्रीने मोजता येत नाही. १९६५ मध्ये स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात आला, तेव्हा कुठे जाडीचा निकष वापरात येण्याची वाट मोकळी झाली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत खवल्यांची नक्षी तरी नक्की पाहता येते. काचपट्टीवर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्या, तो चिकट असतानाच धागा ठेवा, पूर्ण वाळल्यावर उचला आणि उमटलेला ठसा ४०० पटीने पाहा. थर जाड झाला तर धागा बुडतो आणि ठसा फिसकटतो. घाईने उचलला तर थरच ओढला जातो.

खरी पंचाईत प्रक्रिया केलेल्या मालात. ब्लीचने खवले झिजतात, क्लोरीनने मेरिनोची कड मुद्दाम उतरवली जाते. मग एकट्या जाडीवर निकाल देणं धोक्याचं. खवल्याची लांबी, नक्षी आणि धाग्याचा व्यास एकत्र पाहावा लागतो, तोही एकदोन नव्हे, शेकडो धाग्यांवर. गडद रंगवलेल्या शालीत डीएनए चाचणीही अडखळते, कारण रंगाच्या उकळीत डीएनएचे तुकडे होतात.