सिंध डाक: लाखेवर उठवलेलं अर्ध्या आण्याचं तिकीट

आशियातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट १ जुलै १८५२ रोजी सिंधमध्ये निघालं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि तिथला कमिशनर होता बार्टल फ्रेअर. साताऱ्याच्या इतिहासात हे नाव ओळखीचं आहे. १८४७ मध्ये तो तिथे रेसिडेंट म्हणून आला होता आणि राज्य खालसा करण्याला त्याने विरोध केला होता. सिंधमध्ये पायी धावणाऱ्या हरकाऱ्यांच्या जागी त्याने घोडे आणि उंट आणले आणि पत्राचं टपालशुल्क आधीच वसूल व्हावं म्हणून अर्ध्या आण्याचं तिकीट काढलं.

तिकीट गोल. कडेने बकल लावलेला पट्टा, त्यावर ‘सिंध डिस्ट्रिक्ट डाक’ ही इंग्रजी अक्षरं. मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं बदामाच्या आकाराचं व्यापारी चिन्ह, तीन कप्प्यांत कंपनीची तीन आद्याक्षरं आणि खाली किंमत. कडांना दाते नाहीत. कात्रीने कापून घ्यायचं.

हीच नक्षी साच्याने दाबून, उंचवट्याने, तीन तऱ्हांनी उठवली गेली. एक लाल लाखेच्या पातळ चकतीवर. ही दिसायला सर्वांत देखणी, पण लाख ठिसूळ. पाकीट जरा वाकलं की तडा जायचा, मग टवके उडायचे. दुसरी पांढऱ्या कागदावर, बिनशाईची. ती टिकायची, पण दिव्याच्या मंद उजेडात तिकीट लावलंय की नाही हेच कळायचं नाही. तिसरी निळ्या रंगातली. तिच्यात या दोन्ही अडचणी नव्हत्या.

१ ऑक्टोबर १८५४ पासून कंपनीच्या मुलखात सगळीकडे व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याची तिकिटं लागू झाली आणि सिंध डाक बंद पडली. आयुष्य जेमतेम सव्वादोन वर्षांचं. त्यातही लाल तिकिटं आपल्याच ठिसूळपणाने फुटून गेली. म्हणून संग्राहकांचा जीव लाल चकतीवर. तडा नसलेली चकती क्वचितच दिसते, आणि पाकिटावर मूळ जागी टिकलेली असेल तर तिची किंमत सुट्या तिकिटाशी ताडून पाहण्यात अर्थच नाही. पाकिटावरचं तिकीट सोडवू नये, असं आम्ही ठामपणे सांगू.

पांढऱ्या आणि निळ्या तिकिटांचं नुकसान बहुतेकदा हौशी हातांनीच झालं आहे. इतर तिकिटांसारखं पाण्यात भिजवलं की कागद फुगतो, नक्षीचा उठाव सपाट होतो. वर जड पुस्तक ठेवून वाळवलं तर उरलासुरलाही जातो. उठाव पाहायचा तर दिवा एका बाजूने, अगदी तिरका धरावा. धारदार असेल तर पट्ट्याचं बकल सावलीत स्पष्ट उमटतं. सपाट झालेल्यात नुसतं धुरकट वर्तुळ दिसतं. लाल चकतीला उष्णता सोसत नाही, म्हणून बल्ब लांब ठेवावा आणि अल्बमच्या पानांत ती दाबू नये. या तिकिटांच्या नकला भरपूर आहेत. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीसारख्यांचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.