शंखपुष्पी व शंख (नामसाम्य)

शंखपुष्पी ही रानवनस्पती आणि तिला नाव देणारा समुद्री शंख (टर्बिनेला पायरम, मृदुकाय संघ, उदरपाद वर्ग) यांची तुलना मुख्यतः नावामुळे होते. शंख कोणता याविषयी वाद नाही. वनस्पती कोणती, याविषयी आहे.

चरकसंहितेत (उपलब्ध संहिता साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील मानतात) शंखपुष्पी मेध्य (बुद्धी व स्मरणशक्ती वाढवणाऱ्या) रसायनांत विशेष मानली आहे. झाडाचे वर्णन मात्र नाही. त्यामुळे पुढे किमान चार वनस्पती या नावावर हक्क सांगू लागल्या : पांढऱ्या-फिकट गुलाबी फुलांची, जमिनीसरपट वाढणारी कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस, माळरानावरची निळ्या फुलांची विष्णुक्रांता (इव्हॉल्व्ह्युलस ॲल्सिनॉइडीस), केरळात गोकर्ण, बंगालकडे कॅन्स्कोरा. गोंधळात भर म्हणजे भावप्रकाश या आयुर्वेदिक ग्रंथात (१६ वे शतक) ‘विष्णुक्रांता’ हा गोकर्णाचाच पर्याय आहे.

निवाडा फुलात शंखासारखे काय, यावर ठरतो. गोकर्णाची पाकळी शंखाच्या तोंडासारखी दिसते, असे काहींचे म्हणणे. पण ती पिळदार नाही. कॉन्व्हॉल्व्ह्युलसची कळी पिळून ठेवलेल्या ओल्या फडक्यासारखी असते आणि रंगही जुळतो. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने हीच वनस्पती ग्राह्य धरली आहे व ते अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात समुद्रातून काढलेला शंख पांढरा नसतो. त्यावर जाड तपकिरी साल असते. ती खरवडल्यावर आतला शुभ्र शंख दिसतो. नाव देणाऱ्यांसमोर देवघरातला शंख असावा, किनाऱ्यावरचा नव्हे.

शंखाच्या पिळाचीही परिभाषा उलटसुलट आहे. प्राणिशास्त्रज्ञ शिखर (पिळाचे टोक) वर धरतात. तोंड समोर ठेवले की नेहमीच्या शंखात ते उजवीकडे येते. परंपरेत शिखर खाली धरल्याने तोच शंख वामावर्त (डाव्या पिळाचा) ठरतो. दुर्मिळ ‘दक्षिणावर्त’ (उजव्या पिळाचा) शंख शास्त्रीय परिभाषेत डावा असतो. बाजारात त्या नावाने विकले जाणारे पुष्कळ शंख अमेरिकी किनाऱ्यावरच्या, जातीनेच डाव्या पिळाच्या गोगलगायींचे असतात. अस्सल शंख ओळखायला तोंडाच्या आतल्या कडेवरून, मधल्या खांबावर बोट फिरवावे : तीन-चार आडवे कंगोरे लागतात.

हा शंख मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी व कच्छचे आखात येथे मिळतो. त्यातील प्राणी वाळूतले कृमी खातो. मत्स्यविज्ञानी जेम्स हॉर्नेल यांचा १९१४ मधील ग्रंथ या विषयावर अजूनही आधारभूत आहे. सिंधू संस्कृतीतील बांगड्या याच शंखाच्या, बंगालमधील विवाहित स्त्रियांच्या ‘शांखा’ बांगड्याही.