रांगणाऱ्या गाडीचा तोल

रिमोटच्या गाड्यांच्या या स्पर्धेत वेगाला बक्षीस नाही. खडकाळ चढावर दोन-दोन खुंट्या रोवून गेट आखलेली असतात आणि गाडीने ठरलेल्या वेळात, ठरलेल्या क्रमाने त्यांच्यामधून जायचं असतं. खुंटीला चाक लागलं की दंडाचे गुण चढतात. गाडी उलटली की चढतात, हाताने सरळ केली की चढतात आणि बऱ्याच नियमांत नुसती मागे घेतली तरी चढतात. शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी, तो पहिला.

या गाड्यांना रॉक क्रॉलर म्हणतात. अमेरिकेत युटामधलं मोआब किंवा कॅलिफोर्नियातली रुबिकॉन ट्रेल इथे खऱ्या जीपगाड्या खडकांवरून इंच इंच चढवण्याचा छंद जुना आहे. रिमोटचे क्रॉलर ही त्याचीच लहान आवृत्ती. सुरुवातीला हौशी लोक तामिया कंपनीच्या १९८७ मधल्या क्लॉड बस्टर या मॉन्स्टर ट्रकचे ॲक्सल (चाकांच्या जोड्या धरणारे दांडे) काढून, त्यावर घरी कापलेली चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, चढवून गाड्या बनवत. पुढे ॲक्सिअल, ट्रॅक्सस वगैरे कंपन्यांनी तयार किट आणली. सर्वांत रुळलेलं माप एक दशांशाचं: खऱ्या गाडीतले दहा सेंटिमीटर इथे एक सेंटिमीटर.

मी आणि माझी मुलगी कॅलिफोर्नियात राहतो. आमची गाडी आम्ही किटमधून, सुट्या भागांपासून जोडली आणि इथल्या क्लबच्या स्पर्धांत दोघंही ती चालवतो. मला या छंदाबद्दल जे सांगावंसं वाटतं ते एवढंच, की जिची आठवीपर्यंतची पुस्तकंसुद्धा अजून उघडायची आहेत अशा मुलीला खरं यांत्रिकीशास्त्र हाताने तपासता येतं. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक फळी आणि कोन मोजणारं फोनमधलं ॲप पुरतं.

आधी मोटार. पेट्रोलचं इंजिन अगदी कमी फेऱ्यांवर बंद पडतं, म्हणून खऱ्या जीपला क्लच किंवा टॉर्क कन्व्हर्टर लागतो. विजेच्या मोटारीचं याच्या उलट आहे. ती थांबलेली असते तेव्हाच तिचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, सर्वांत जास्त असतो. मोटार फिरू लागली की तिच्यातच उलट दिशेचा व्होल्टेज तयार होतो, तो बॅटरीच्या व्होल्टेजला विरोध करतो, विद्युतप्रवाह घटतो आणि प्रवाहाबरोबर टॉर्कही. खडकाला टेकून अडलेल्या चाकाला हवा तो जोर त्यामुळे ऐन वेळी मिळतो. किंमत मात्र उष्णतेच्या रूपात मोजावी लागते: अडकलेल्या मोटारीत प्रवाह भरपूर वाहतो आणि तारांमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गाडी अडकली असताना रिमोटचा ट्रिगर दाबून धरणं म्हणूनच वाईट. ही सवय लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर सोडतात असं माझं निरीक्षण आहे.

मोटारीच्या फेऱ्या चाकापर्यंत येईतो गिअर त्या तीस-चाळीस पटींनी कमी करतात. समजा मोटार मिनिटाला १२,००० फेऱ्या घेते आणि गिअर त्या ४० पट घटवतात. चाकाला मिळाल्या ३०० फेऱ्या. १२ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ३७.७ सेंटिमीटर, म्हणजे गाडी मिनिटाला ११३ मीटर जाईल. ताशी ७ किलोमीटरच्या आतच. वेग चाळीस पटींनी गेला, पण घर्षणात वाया जाणारा भाग सोडला तर टॉर्क तितक्याच पटीने वाढला. मुलीने हा हिशेब स्वतः केला, गिअरचे दात मोजून.

डिफरन्शियल या गाड्यांत बहुधा लॉक केलेले असतात. रस्त्यावरच्या गाडीत वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो, पण टॉर्क दोघांना सारखाच देतो. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरवायला जवळपास काहीच टॉर्क लागत नाही, आणि जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. गाडी जागची हलत नाही. लॉक केल्यावर दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असल्यासारखी फिरतात. मग वळणाचं वर्तुळ मोठं होतं, पण खडकावर ते चालवून घेतात.

आता ज्या गोष्टीने मला या छंदात खरोखर गुंतवलं तिच्याकडे येतो. एक दशांश गाडी ही आकुंचन पावलेली मोठी गाडी नसते. गॅलिलिओने १६३८ साली हे मांडलं: वस्तूची लांबी दहा पट घटवली तर पृष्ठभाग शंभर पट घटतो आणि आकारमान हजार पट. दोन हजार किलोची जीप दहा पट लहान केली तर ती दोन किलोची होईल. आमच्यासारखे क्रॉलर साधारण दोन ते साडेतीन किलोंचे असतात, म्हणजे हिशेब बराच जुळतो. पण टायरचा खडकाला टेकलेला भाग शंभर पटींनीच घटला, वजन मात्र हजार पटींनी. म्हणून टायरखालचा दाब मोठ्या गाडीच्या एक दशांश राहतो. आणि खडकाचे कण काही लहान झालेले नसतात. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधला फेल्डस्पारचा स्फटिक जीपच्या टायरला नगण्य वाटेल, क्रॉलरच्या टायरला तो पायरीएवढा.

इतक्या कमी दाबाखाली टायर खडकाच्या खाचाखोचांत शिरायला हवा, तर रबर फार मऊ लागतं. क्रॉलरच्या टायरमध्ये हवा कोंडलेली नसते. आत फोमची कडी असते आणि हवा आत-बाहेर करायला छिद्र ठेवलेलं असतं. दगडाच्या धारेवर टायर दबतो, धारेला कवेत घेतो आणि सुटतो. शाळेत शिकवतात की घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबराच्या बाबतीत हा नियम नीट लागू पडत नाही. रबर खडबडीत पृष्ठभागावर दाबलं जातं आणि परत फुलतं तेव्हा थोडी ऊर्जा आतल्या आत उष्णतेत जिरते, शिवाय जिथे रबर आणि दगड रेणूंच्या अंतरावर येतात तिथे ती एकमेकांना धरतात. म्हणून मोआबच्या वालुकाश्मावर लोखंडी नालांचे घोडे घसरत, त्याच वालुकाश्मावर रबरी टायर भिंतीसारखे चढ चढतात. मी सह्याद्रीत वाढलो. कोरड्या बेसाल्टवर घट्ट धरणारा बुटाचा तळवा पावसाळ्यात शेवाळावर कसा निसटतो ते अनेकांनी अनुभवलेलं असेल. रबर आणि दगड यांच्यामध्ये तिसरी वस्तू आली की सगळी पकड त्या वस्तूची होते. स्पर्धेत फेरी सुरू होण्याआधी मुलं ओल्या फडक्याने टायरवरची धूळ पुसतात ती याचसाठी. थंड सकाळी रबर कडक होतं आणि आदल्या दुपारी सहज जमलेला चढ जमत नाही.

आकारमानाचा दुसरा परिणाम वेळेवर होतो. दोन मीटर उंचीवरून पडायला सुमारे ०.६४ सेकंद लागतो, वीस सेंटिमीटरवरून सुमारे ०.२ सेकंद. दहा पट कमी उंची, पण वेळ सुमारे तीन पटच कमी, कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. पण माणसाचा मेंदू एक दशांश झालेला नसतो. डोळ्यांनी गाडी कलंडताना पाहून बोट हलवायलाच सुमारे ०.२ सेकंद जातो. मोठ्या जीपचा चालक कलंडण्याच्या सुरुवातीला काही तरी करू शकतो, क्रॉलर चालवणाऱ्याला त्या क्षणी उशीर झालेला असतो. म्हणून तोल जाण्याआधीच तो कुठे जाईल हे माहीत असावं लागतं. या एका गरजेने आम्हाला मोजमापांकडे वळवलं.

गाडी कडेवर कलंडते ती तिच्या गुरुत्वमध्यातून सरळ खाली काढलेली रेष खालच्या बाजूच्या चाकांच्या बाहेर पडली की. गाडीची रुंदी २४ सेंटिमीटर असेल तर मध्यापासून कड १२ सेंटिमीटरवर. गाडी फळीवर आडवी ठेवायची, चाकं घसरू नयेत म्हणून खालच्या बाजूला पातळ पट्टी लावायची आणि फळी हळूहळू उचलायची. वरची चाकं सुटली तो कोन टिपायचा. ४८ अंश आला तर १२ ला त्या कोनाच्या टॅन्जन्टने, म्हणजे १.११ ने भागायचं: गुरुत्वमध्य १०.८ सेंटिमीटर उंचीवर आहे. टॅन्जन्ट म्हणजे काय हे मुलीला तोवर शिकवलेलं नव्हतं. कागदावर त्रिकोण काढून मोजपट्टीने दोन बाजू मोजल्या, त्यांचा भागाकार केला, तेवढं पुरलं.

मग प्रश्न आला, हा गुरुत्वमध्य खाली कसा आणायचा. या छंदात सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे चाकांत पितळी वजनं बसवा. वजन चाकाच्या मध्याशी, जमिनीपासून ६ सेंटिमीटरवर येतं, सस्पेन्शनच्या खाली, त्यामुळे सल्ला चांगला आहे. अडीच किलोच्या गाडीत ३०० ग्रॅम पितळ घातलं की गुरुत्वमध्य १०.८ वरून सुमारे १०.३ वर येतो आणि कलंडण्याचा कोन ४८ वरून ४९.४ होतो. जेमतेम दीड अंश! दुसरीकडे गाडीची जाड प्लॅस्टिकची बॉडी काढून पातळ पॉलिकार्बोनेटची बसवली आणि त्यात १७ सेंटिमीटर उंचीवरचे २५० ग्रॅम वाचले, तर गुरुत्वमध्य १०.१ वर येतो आणि कोन ४९.९. वरून काढलेल्या कमी वजनाने खाली घातलेल्या जास्त वजनाहून थोडा अधिक फायदा दिला, आणि गाडी हलकीही झाली. कारण वरचं वजन गुरुत्वमध्यापासून ६ सेंटिमीटरहून दूर होतं, चाकातलं ५ सेंटिमीटरच्या आत. मुलीने हा हिशेब मांडला तेव्हा पितळेसाठी साठवलेले पैसे तिने पातळ बॉडीवर खर्च केले. मला तो निर्णय पूर्ण पटला.

हिशेब आणि खडक यांत फरक राहतो तो स्प्रिंगांमुळे. गाडी आडवी कललेली असताना खालच्या बाजूच्या स्प्रिंग दबतात, वरच्या पसरतात, चेसिस आणखी कलते आणि गुरुत्वमध्य बाहेर सरकतो. मऊ स्प्रिंगने चाकं खडकाला छान चिकटून राहतात, पण फळीवरचा कोन तितकाच घटतो. चांद्रयान-३ चं प्रग्यान आणि नासाचे मंगळावरचे रोव्हर यांत हा तंटा वेगळ्या रीतीने मिटवलेला आहे: सहा चाकं तरफांच्या जोडणीवर बसवलेली, स्प्रिंग नाहीच. प्रग्यानचा वेग सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर होता. तिथे कुणी रिमोट घेऊन शेजारी उभं नसतं.

टॉर्कचाही तोलावर परिणाम होतो. मोटार प्रॉपेलर शाफ्टला, म्हणजे ॲक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्याला, एका दिशेने पिळते, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने चेसिस उलट दिशेने पिळली जाते. जोर लावून चढताना गाडी एका कुशीवर झुकते आणि एका पुढच्या चाकावरचा भार हलका होतो. पोर्टल ॲक्सल हा त्यावरचा चांगला उपाय. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकमध्ये तो पूर्वीपासून आहे आणि ट्रॅक्ससने २०१७ मध्ये तो आपल्या टीआरएक्स-४ मध्ये दिला. त्यात शेवटचे गिअर चाकाजवळ असतात, त्यामुळे ॲक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर राहते आणि खाली दगडाला जागा मिळते. शिवाय वेग चाकाशीच शेवटचा घटतो, म्हणून शाफ्टला कमी टॉर्क वाहावा लागतो आणि चेसिस कमी पिळते.

राहिला चढ. सरळ चढावर गाडी मागे उलटू नये म्हणून वजन पुढे असावं. दोन ॲक्सलमधलं अंतर ३१ सेंटिमीटर आणि वजनाचा ६० टक्के भाग पुढच्या चाकांवर असेल, तर गुरुत्वमध्य मागच्या चाकांपासून १८.६ सेंटिमीटर पुढे येतो. उंची १०.१ धरली तर ही गाडी साधारण ६१ अंशांपर्यंत मागे उलटणार नाही. टायर त्याच्या आधीच घसरतील हे वेगळं. पायरी आली की मागची चाकं पुढच्या चाकांना दगडावर दाबतात, आणि त्या दाबातून जे घर्षण मिळतं त्याच्या जोरावर पुढचं चाक भिंत चढतं. ट्रिगर जोरात ओढून चाक गरगरा फिरवलं तर ही पकड सुटते.

पण तीच गाडी उताराला लागली की पुढची चाकं गुरुत्वमध्यापासून फक्त १२.४ सेंटिमीटर दूर असतात, आणि पुढे कोलांटी घेण्याचा कोन ५१ अंशांवर येतो. चढासाठी कमावलेले अंश उतारात जातात. आमच्या क्लबमध्ये गेट आखणारी मंडळी हे जाणून असतात आणि उंच चढानंतर लगेच तीव्र उतार ठेवतात. मुलगी सध्या बॅटरीचा कप्पा पुढे-मागे सरकवता येईल अशी पट्टी बनवते आहे. २०० ग्रॅमची बॅटरी ५ सेंटिमीटर मागे सरकवली तर अडीच किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य ४ मिलिमीटर मागे जातो. उतारात तेवढ्याने ०.९ अंशाच्या आसपास मिळायला हवा. फळीवर ते तपासायचं आहे.