पिन लावली की मालवाहू, काढली की शेतीचा

शीळफाट्याजवळच्या दहिसर मोरीच्या आतल्या रस्त्याला गोडाऊनच्या दोन रांगा संपल्या की एक पडीक तुकडा लागतो, तिथे अकरा ट्रॅक्टर उभे आहेत. उभे म्हणजे म्हणायला. चौघांचे पुढचे टायर बसून रिम मातीत रुतलेत, दोघांना चाकंच नाहीत, आणि एकाच्या बोनेटमधून पिंपळ वर आलाय, चांगला माझ्या डोक्याइतका उंच. महिन्याभरात दोनदा जाऊन आलो. फोटो ज्याला ज्याला दाखवले तो एकच म्हणाला, अरेरे, शेती संपली आणि ट्रॅक्टर गंजले. ऐकायला बरं वाटतं हे, पण आपल्याकडच्या ट्रॅक्टरची गोष्ट तशी नाहीये, म्हणून ही थोडी पार्श्वभूमी.

लांबचा इतिहास पटकन उरकतो. स्वातंत्र्याच्या सुमाराला महायुद्धातली अमेरिकन सैन्याची मागे राहिलेली यंत्रं घेऊन मध्य भारतातल्या पडीक जमिनीतलं खोल मुळांचं गवत उपटायचं काम निघालं, १९४९ मध्ये त्यासाठी एक कोटी डॉलरचं परदेशी कर्जही मिळालं. १९५९ ला फरीदाबादला आयशरचा देशातला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. मग साठच्या दशकात मद्रासला मॅसी फर्ग्युसन, एस्कॉर्ट्सने पोलंडच्या उर्ससशी जुळवून आणलेले, आणि आपल्या अगदी दारातलं म्हणजे कांदिवली. तिथे महिंद्राचा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत बी-२७५ बनायला लागला, ३५ हॉर्सपॉवरचा. हे मॉडेल मूळचं इंग्लंडचं, १९५८ चं, तिकडे दहाएक वर्षांत बंद झालं पण आपल्याकडे २७५ हा आकडा आजही शोरूमच्या बोर्डावर दिसतो, खालची मशीन बदलत गेली तरी. मोरीमागच्या अकरांत चार २७५ आहेत, दोन मॅसी, दोन आयशर, एक झेटर, एकाचा काही पत्ताच लागत नाही, आणि एक करडा फर्ग्युसन.

हा फर्ग्युसन बघायलाच खरं तर मी दुसऱ्यांदा गेलो. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत इंग्लंडात कॉव्हेंट्रीला पाच लाखांवर बनलेली ही मशीन, मागे तीन काट्यांवर नांगर उचलून धरायची पद्धत जगभर पोचवली ती हिनेच. टाकीला दोन झाकणं आहेत. एक छोटं पेट्रोलचं, दुसरं मोठं रॉकेलसारख्या तेलाचं. पेट्रोलवर सुरू करायचा, इंजिन तापलं की कॉक फिरवून दुसऱ्या तेलावर घ्यायचा. मोठं झाकण गंजून एकजीव झालंय, हलत नाही. छोटं मात्र हाताने फिरलं आणि आतून अजून वास आला, पेट्रोलचा नाही, जुन्या वार्निशचा म्हणतो ना तसा.

आता मुद्दा. ठाणे, बेलापूर, शीळ, कल्याण या पट्ट्यात भातशेतीला ट्रॅक्टरचं फारसं कामच नव्हतं. खाचरं छोटी, बांध आडवे, ३५ हॉर्सपॉवरची मशीन आत घातली तर वळवायची कुठे, आणि खाडीकडच्या खारजमिनीत तर पावसाळ्यात ती पोटापर्यंत बसणार. चिखलणी रेड्यांनी नाहीतर बैलांनी व्हायची, नंतर नंतर पॉवर टिलर आले. जिथे लोखंडी जाळीची चाकं लावून ट्रॅक्टर घातले तिथे घातले, पण ते चार-सहा दिवसांचं काम. उरलेलं वर्ष काय करायचा तो? वर्षभर तो ट्रॉली ओढायचा. आधी गवत, कारण मुंबईच्या तबेल्यांना गवत आपल्याच जिल्ह्यातून जायचं. मग विटा, मग रेती, मग मुरूम. जागेचे मालक, आपण काका म्हणू, त्यांनी त्यांच्या बोलीत चार शब्दांत सांगितलं. "शेतान? यो कदी शेतान गेलाच नाय. याचा जलम गेला इटांवं."

म्हणजे बघा, १९७० नंतर खाडीपलीकडे नवी मुंबई हे नवं शहर वसवायचं ठरलं, जमिनी गेल्या, १९८४ चं आंदोलन आणि गोळीबार झाला, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड द्यायचं झालं, ते सगळं इथे परत सांगत बसत नाही, कुणाच्याही घरात विचारा. पण त्याच काळात गावागावात ट्रॅक्टर वाढले हे कुणी सांगत नाही. शेती घटत होती आणि ट्रॅक्टर वाढत होते. कारण शहराला भराव लागत होता, वीट लागत होती, चाळीच्या पायाला दगड लागत होता, आणि गावातल्या अरुंद रस्त्याने ट्रक जात नव्हता तिथे एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट रेती घेऊन ट्रॅक्टर सुखाने जायचा. ज्याची जमीन गेली त्यानेच मिळालेल्या पैशातून किंवा उरलेल्या तुकड्यावर कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला आणि स्वतःच्याच जमिनीवर दुसऱ्याच्या बिल्डिंगचं सामान वाहिलं. असे मीच चार-पाच जण ओळखतो.

आणि इथे तो शब्द येतो ज्याने घोळ घातला. शेतीचा ट्रॅक्टर.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली ट्रॅक्टरची व्याख्या वाचून मला हसूच आलं. जे वाहन स्वतः ओझं वाहायला बनवलेलं नाही ते ट्रॅक्टर, रोड रोलर सोडून. संपलं. शेतीचं नावही नाही त्यात. शेती येते खालच्या नियमांत, कृषी ट्रॅक्टर म्हणून. शेतातल्या कामाची अवजारं किंवा शेतमालाची ट्रॉली जोडून चालवायला बनवलेलं चारचाकी, आणि शेवटी एक बारकंसं वाक्य, की हे वाहन नॉन-ट्रान्सपोर्ट समजावं. सगळा खेळ या बारक्या वाक्यावर. नॉन-ट्रान्सपोर्ट म्हटलं की परमिट नाही, ट्रकसारखी फिटनेसची कटकट नाही, आरसी एकदम पंधरा वर्षांची. म्हणून प्रत्येकाने शेतीचाच घेतला. कर्जाला सातबारा जोडायचाच होता, तो जोडला, सातबाऱ्यावर बोजा चढला, ट्रॅक्टर दारात आला, हार घातला, दुसऱ्या दिवशी वीटभट्टीवर.

मग ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर म्हणजे काय? यावर सगळ्यात वरच्या कोर्टात दोनदा तरी वाद झालाय आणि दोन्हीकडून बोलायला जागा राहिली. २००१ च्या निकालात प्रश्न लायसन्सचा होता, विमा कंपनीचं म्हणणं ट्रॉली होती म्हणजे मालवाहू झाला, ड्रायव्हरचं ट्रॅक्टरचं लायसन्स चालणार नाही. कोर्ट म्हणालं, ट्रॉली जोडली म्हणून लायसन्स बाद होत नाही. २००५ ला कर्नाटकातलं प्रकरण गेलं, तिथे प्रश्न परमिटचा, आणि कोर्ट म्हणालं की ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून मालवाहू वाहन होतं, परमिट लागणार. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असतील, वकील समजावून देतील. पण रस्त्यावरच्या माणसाला त्यातून कळलं ते एवढंच, की हुकातली पिन काढली की शेतीचा, पिन लावली की मालवाहू. हातभर लोखंडी पिन आहे ती, वर कडी. मोरीमागे गवतात एक सापडली मला, ट्रॉलीचा पत्ता नाही, पिन आहे.

२०१७ च्या नोव्हेंबरात दिल्लीहून मसुदा निघाला की ते बारकं वाक्यच काढून टाकायचं, म्हणजे शेतीचा ट्रॅक्टरही ट्रान्सपोर्ट. देशभर ओरड झाली, एक तरुण खासदार तर ट्रॅक्टर चालवत संसदेला गेला, आणि मसुदा मागे पडला. पंजाब-हरियाणात ती ओरड बरोबरच होती. पण आमच्याकडे ज्यांचे ट्रॅक्टर वीस वर्षं कायम पिन लावूनच फिरत होते तेही त्यात मान डोलवत होते, आणि मला त्यांचा राग येत नाही. कारण दुसऱ्या बाजूने सांगायचं तर नाक्यावर दंड भरला तो कायम ट्रॉलीवाल्याने, रेती कुणाच्या टॉवरला जातेय हे कधी कुणी विचारलं नाही.

हे सगळं बंद कसं पडलं त्यावर एकच एक उत्तर नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने छोट्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागेल असं सांगितलं, त्याआधीपासूनच खाडीतल्या रेतीवर कारवाया चालू होत्या, रेतीबंदरांची रया गेली. लाल विटेच्या जागी पांढरे ब्लॉक आले, ते फॅक्टरीतून थेट ट्रकने येतात. काँक्रीट आयतं गाडीतून फिरत यायला लागलं. रस्ते रुंद झाले आणि हायवा डंपर दारापर्यंत पोचला, त्याच्यासमोर एक ब्रासची ट्रॉली कोण घेणार. दहा-बारा वर्षांत काम संपलं. दहिसर धरून इथली चौदा गावं तर मधल्या काळात नवी मुंबई महापालिकेच्या बाहेर होती, २०२४ ला परत आत आली, त्या मधल्या दिवसात इथे गोडाऊन आणि भंगाराचे ढीग वाढले आणि लांबलांबच्या गावातले बंद ट्रॅक्टरही इथेच येऊन थांबले.

मग विकत का नाहीत? कारण कागद. आरसी आजोबांच्या नावावर, आजोबा गेले, वारस सात. बोजा कधीच फिटलाय पण तो कमी केल्याची नोंद नाही, आणि ज्या सातबाऱ्यावर नोंद करायची ती जमीन आता सेक्टर झालीय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करायची असते, ती एकाचीही नाही. दोघांच्या पाट्यांवर तर तीन अक्षरी जुना नंबर आहे, एमएच शून्य चार यायच्या आधीचा.

माझ्यासारखे हौशी लोक म्हणतात विंटेज म्हणून नोंदवा. तेही होत नाही. २०२१ ला विंटेज गाड्यांचे नियम आले, पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात, व्हीए सिरीजचा नंबर, वीस हजार फी. पण व्याख्या दुचाकी आणि माणसं नेणाऱ्या चारचाकी मोटारींची. ट्रॅक्टर त्या वर्गातच येत नाही. कॉव्हेंट्रीचा फर्ग्युसन सत्तरीचा झाला तरी कागदावर फक्त जुना.

तोवर गंज त्याचं काम करतोय. वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस आणि खाडीचा खारा वारा. मडगार्डचा पत्रा आधी जातो, बोटाने दाबला तर बिस्किटासारखा तुटतो. बिडाचा ब्लॉक मात्र वरून लाल होऊन तसाच राहतो. खरा घात उभ्या सायलेन्सरने होतो, त्यातून पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं आणि पिस्टन कायमचा चिकटतो. पंप, नोझल, डायनामो आधीच गेलेत, पितळ आणि तांबं कोण सोडतंय.

एका २७५ च्या सायलेन्सरवर मात्र डालड्याचा जुना डबा पालथा घातलेला दिसला, वर दगड. कुणी ठेवला विचारलं तर काका म्हणाले, मीच, दर जूनला बघून जातो. फिरतो का मग? त्यांनी पंख्याचा पट्टा धरून ओढला. पंखा पाव इंच हलला, आणि त्याबरोबर आत काहीतरी हललं.